वकील भाचीला, पंपावरून

चि. चिऊ,


तुला सनद मिळाल्याचं ताईने सांगितलं, पेढेही पोचले. त्याच फोनवर ती म्हणाली, की पुण्यात राहायचं की रत्नागिरीला यायचं हे तुझं अजून ठरत नाही. इथे वाटणीचे आणि कुळकायद्याचे दावे सोडले तर वकिलाला काम काय, असं तुला वाटतं. मी तिच्याशी त्यावर काही बोललो नाही. पण मनात खूप आलं, आणि ते तुझ्या एकटीच्या कानी घालण्यापेक्षा छापून यावं असं वाटलं. कारण ज्यांच्यासाठी तू काम करावंस असं मी म्हणणार आहे, त्यांनीही ते वाचायला हवं. हातखंब्यापासून पावसपर्यंतचे पंपवाले आणि गॅरेजवाले म्हणजे ती माणसं. त्यांतला एक मी, दुसरे तुझे बाबा.

आधी पंपाचं सांगतो. अमेरिकेत छोटा माणूस स्वतःच्या नावाची पाटी लावून पंप चालवू शकतो, परवडेल तिथून माल घेतो आणि भाव स्वतः लावतो. आपल्याकडे स्वतःच्या नावाने इंधन विकायचं तर 2019 च्या धोरणानुसार किमान 250 कोटी रुपयांची नक्त मालमत्ता लागते. त्याआधी तर 2000 कोटींच्या गुंतवणुकीची अट होती. आमच्यासारख्याला वाट एकच, कुठल्या तरी तेल कंपनीची डीलरशिप. जागा बहुधा आमची, कर्ज आमचं, पोरांचे पगार आमच्या खिशातून. पाटी, माल आणि भाव कंपनीचा. 16 जून 2017 पासून भाव रोज सकाळी 6 वाजता बदलू शकतो. तो ठरवण्यात आमचा काडीचाही हात नाही, पण वाढला की शिव्या खाणारं पहिलं तोंड आमच्या पंपावरच्या पोराचं असतं.

आम्हाला मिळतं ते कमिशन. ऑगस्ट 2017 मध्ये ते वाढलं, त्यानंतर थेट ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस. मधली सात वर्षं वीजबिल वाढलं, पगार वाढले, आणि मालाची किंमतही वाढली. ही शेवटची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. 12 हजार लिटरचा टँकर 70 रुपयांच्या भावाने 8 लाख 40 हजारांना पडतो, 105 च्या भावाने 12 लाख 60 हजारांना. माल तेवढाच, कमिशन जवळपास तेवढंच, आणि गुंतवायचे पैसे मात्र दीडपट. त्यावर बँकेचं व्याज. 31 मे 2022 ला देशभरातल्या डीलरांनी एक दिवस कंपन्यांकडून माल उचलला नाही, तो याच रागातून. ग्राहकाला त्रास नको म्हणून विक्री चालू ठेवली होती. त्यामुळे वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या आणि विषय संपला.

तू म्हणशील, मामा, हे व्यापाराचं रडगाणं झालं, यात कायदा कुठे? कायदा पुढे आहे.

एका पंपावर किती कायदे लागू होतात ते बघ. पेट्रोलियम कायदा 1934 चा, त्याखालचे नियम 2002 चे. परवाना नागपूरला मुख्यालय असलेल्या स्फोटकं आणि पेट्रोलियम सुरक्षेच्या संघटनेकडून, म्हणजे पेसोकडून. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला. मापाला वैधमापन कायदा 2009 चा, दर वर्षी मशीनवर शिक्का. मालाच्या शुद्धतेला 2005 चा आदेश, तो निघालाय 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली, आणि त्या कायद्यात 7 वर्षांपर्यंत कैद आहे. पंप राष्ट्रीय महामार्गाला लागून असला तर प्रवेशरस्त्याची परवानगी वेगळी. शाळा, दवाखाना, वस्ती यांपासूनच्या अंतराला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी 2020 च्या सूचना. शिवाय कंपनीच्या शिस्तीचे नियम, ते वेगळंच पुस्तक.

यांतल्या एकाही कायद्याशी माझं भांडण नाही, हे आधी नीट ऐकून घे. मी ज्या वस्तूवर उभा आहे ती एका ठिणगीने गाव जाळू शकते. 2017 साली ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घातले आणि मशीनमध्ये चिप बसवून माप मारणारे पकडले, तेव्हा मला आनंदच झाला. चोराने मारलेल्या मापाचा संशय पुढे कित्येक महिने प्रामाणिक माणसाच्या नोजलकडे बघत राहतो. म्हणून माझ्या पंपावर कुणीही पाच लिटरचं माप मागितलं तर मी स्वतः भरून दाखवतो. माप 25 मिलीपेक्षा जास्त कमी भरलं तर त्या नोजलची विक्री थांबवायची, असा नियम आहे आणि तो योग्य आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. कायद्याला शेवटी पकडायला एक माणूस लागतो, आणि तो म्हणून नेहमी शेवटचा माणूस धरला जातो. ज्याच्या हातात नोजल तो, ज्याच्या हातात पाना तो. वरच्यांकडे अधिकार आणि माहिती, खालच्याकडे जबाबदारी. हे मी तुला टँकर उतरवताना दाखवतो.

टँकर घाट उतरून येतो. आधी सीलचे नंबर चलनाशी जुळवायचे. मग डिप रॉडने प्रत्येक कप्प्याची पातळी. मग काचेच्या जारमध्ये नमुना, त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर. त्या वेळच्या तापमानाची घनता तक्त्यावरून 15 अंशांवर आणायची आणि चलनावरच्या घनतेशी ताडायची. फरक घनमीटरला 3 किलोपेक्षा जास्त आला तर माल उतरवायचा नाही. नमुना ॲल्युमिनियमच्या बाटलीत सीलबंद करून ठेवायचा, रजिस्टरमध्ये नोंद करायची. आठवड्यानंतर कुणी तपासणीला आलं तर हीच बाटली माझी साक्षीदार. आता यात एक गोष्ट नाही ती बघ. चलनावरची घनता कंपनीने लिहिलेली असते. डेपोत माल भरताना मी तिथे नसतो, माझा माणूस नसतो. टँकर बरेचदा दुसऱ्याच कंत्राटदाराचा. पण एकदा का तो माल माझ्या टाकीत पडला, की त्यातला सगळा दोष माझा.

पावसाळ्यात हे फार जड जातं. रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जमिनीखालच्या टाकीच्या तोंडावर पाणी साचतं, चेंबरचं झाकण थोडं जरी सरकलं तरी झिरपतं. पूर्वी पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते खाली वेगळं बसायचं. डिप रॉडला पेस्ट लावून खाली सोडली की रंग बदलायचा आणि कळायचं. आता देशभर पंपावर मिळतं ते पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये विरघळून जातं, दिसत नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं हात धरून खाली बसतात, आणि नोजलमधून तेच गाडीत जातं. गाडी मारुती मंदिरापर्यंतही पोचत नाही. पेस्टही इथेनॉलसाठीची वेगळी लागते, ती जुन्या सवयीने चालत नाही. 2030 चं उद्दिष्ट 2025 वर आणलं, तेव्हा कोकणातल्या जुन्या टाक्यांचं काय करायचं याचा विचार त्याच वेगाने व्हायला हवा होता. अनेक पंपांवर टाकी आणि मशीन कंपनीच्या मालकीचं असतं. त्यातल्या पाण्याची जबाबदारी मात्र डीलरची.

इथेनॉलमुळे शेतकऱ्याला पैसे मिळतात, परदेशी चलन वाचतं, हे मला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 1 सप्टेंबर 2025 ला या धोरणाविरुद्धची याचिका फेटाळली. धोरण राहणार हे धरूनच मी बोलतोय. पण जुन्या दुचाकीची रबरी नळी फुगली तर ग्राहक दिल्लीला जात नाही. तो आधी माझ्याकडे येऊन भांडतो, मग तुझ्या बाबांकडे जाऊन दुरुस्तीचे पैसे द्यायला कुरकुरतो.

कराचंही उदाहरण देतो. 2021 च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी, केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क 5 रुपयांनी आणि डिझेलवरचं 10 रुपयांनी कमी केलं. लोकांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट झाली. पण सुट्टीत डेपो बंद असणार म्हणून आम्ही टाक्या भरून ठेवल्या होत्या, जुन्या दराने रोख पैसे मोजून. ज्याच्या टाकीत 15 हजार लिटर डिझेल होतं त्याचे एका रात्रीत दीड लाख गेले. 22 मे 2022 ला पुन्हा पेट्रोलला 8 आणि डिझेलला 6 रुपये. जुलै 2022 मध्ये राज्याने व्हॅट उतरवला तेव्हा पुन्हा. भाव वाढताना तुम्हाला फायदा होतोच की, असं म्हणतात. भाव वाढतो तो रोज काही पैशांनी, त्यातून काय सुटणार? आणि मे 2020 मध्ये शुल्क पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपयांनी वाढलं, तेव्हा पंपावरचा भाव जागचा हलला नाही, म्हणजे तोही लाभ नाही. शुल्क उतरवा, जरूर उतरवा. फक्त ज्या मालावर जुनं शुल्क भरलं गेलंय त्याच्या परताव्याची एक ओळ त्याच अधिसूचनेत घाला. ही मागणी कायद्याची आहे, दयेची नाही.

आणि मग आम्हाला पोलीस करतात. 2016 च्या जुलैमध्ये तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी घोषणा केली. हेतू चांगला होता, पण अंमलबजावणी कुणी करायची, तर महिन्याच्या पगारावरच्या पोराने. विरोध झाला आणि ती मागे पडली. 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, नाही तर इंधन नाही, असं सांगितलं. त्याच वर्षी दिल्लीत जुन्या गाड्यांना 1 जुलैपासून इंधनबंदी झाली, त्यात नियम मोडला तर पंपावर कारवाई होती. डीलर कोर्टात गेले आणि काही दिवसांत बंदी स्थगित करावी लागली. रात्री साडेदहाला भाट्ये पुलाकडून येणाऱ्या चार दारू प्यायलेल्यांना, तुमची पीयूसी संपली आहे, पेट्रोल मिळणार नाही, हे सांगायला आमच्या पोराला कोणता अधिकार दिला आहे? कोणतं संरक्षण? ज्या आदेशात हे लिहिलेलं नसेल, त्या आदेशाला हरकत घेणं हे वकिलाचं काम आहे.

बागायतदारांचंही तसंच. प्लास्टिकच्या बाटलीत किंवा कॅनमध्ये पेट्रोल द्यायचं नाही. बरोबर आहे, बाटलीतल्या पेट्रोलने काय काय झालंय ते सगळ्यांनी वाचलंय. पण हापूसच्या बागेतला फवारणी पंप आणि ग्रास कटर स्वतः चालत पंपावर येत नाहीत. गोळपचा बागायतदार कॅन घेऊन येतो, मी नाही म्हणतो, तो वैतागतो. त्याने कोणता डबा आणावा हे सांगणारा साधा फलक, आणि मान्यताप्राप्त डबा वाजवी किमतीत तालुक्याच्या ठिकाणी, एवढं झालं तर दोघंही कायद्यात राहतील.

आता तुझ्या बाबांकडे येतो. माझ्यापेक्षा ते खरे स्वतंत्र, त्यांच्या डोक्यावर कुणा कंपनीची पाटी नाही. पण त्यांची अडचण माझ्याहून खोल आहे. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुराचं बीएस-6 मानक आलं. धूर कमी झाला, फार चांगलं झालं. पण गाडीच्या पोटात सेन्सर आणि कॉम्प्युटर शिरले. गेल्या पावसाळ्यात पूर्णगडचा एक जण डिझेल गाडी घेऊन आला. तुझ्या बाबांनी आवाजावरून सांगितलं, तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर गेलाय. खोलून पाहिलं, तोच होता. नवा आणला, बसवला. पण नव्या इंजेक्टरचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरला द्यावा लागतो, आणि त्या गाडीचं ते सॉफ्टवेअर फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे. बाबांच्या स्कॅनरने तिथे हात टेकले. शेवटी आंबा घाट चढून गाडी कोल्हापूरला न्यावी लागली. दुरुस्ती रत्नागिरीत झाली होती, कुलूप तेवढं कोल्हापूरला उघडलं, आणि ग्राहकाच्या मनात राहिलं की याला जमलं नाही. ज्या माणसाने दोन पिढ्यांच्या गाड्या कानाने ओळखल्या, त्याच्याविषयी.

यावर या देशात निकाल झालेला आहे, आणि तो तू वाचलाच पाहिजेस. शमशेर कटारिया नावाच्या एका माणसाने 2011 साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, एवढीच. 25 ऑगस्ट 2014 ला आयोगाने मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा धरून 14 कंपन्यांना मिळून 2544 कोटींहून अधिक दंड ठोठावला. दंडापेक्षा आदेश मोठा होता. सुटे भाग आणि साधनं खुल्या बाजारात द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. पुढे अपिलं झाली, दंड कमी झाला, वर्षं गेली. त्या आदेशाचा वारा साळवी स्टॉपच्या गॅरेजपर्यंत आला नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली याच प्रश्नावर लोकांनी मतदान केलं. सुमारे 86 टक्के मतं गॅरेजवाल्याच्या बाजूने पडली आणि कायदा झाला. आपल्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनं धरली, डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. पण कंपनीला बांधून घालेल असा कायदा अजून झालेला नाही. पोर्टल बघून गाडीचं कुलूप उघडत नाही.

सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 टक्के झाला, त्याचं श्रेय द्यायला हवं. गॅरेजवाल्याला ते लगेच जाणवलं.

जळक्या ऑइलचा प्रश्न मात्र लाजिरवाणा आहे आणि त्यात आपल्या लोकांचाही दोष आहे. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं. 1 एप्रिल 2024 पासून नव्या ऑइलच्या उत्पादकांवरही ते परत गोळा करवण्याची जबाबदारी आली. प्रत्यक्षात एका गॅरेजच्या अर्ध्या पिंपासाठी कुणी घाट उतरून येत नाही. मग ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासलं जातं, होडीच्या तळाला जातं, उरलेलं जूनच्या पहिल्या सरीबरोबर गटारातून खाडीत. त्या खाडीतली कालवं आपण खातो. इथे मला कायदा सैल नको, पुरा हवा. उत्पादकाने गोळा करायचंय ना, मग रत्नागिरीसाठी महिन्यातून एक गाडी ठरवून द्या, कुवारबावला किंवा मिरजोळे एमआयडीसीत एक जागा द्या. ते न देता फक्त गॅरेजवाल्याला नोटीस पाठवली तर खाडी स्वच्छ होणार नाही.

  

पण हे सगळं मांडायचं कुणी? या जिल्ह्याने नाणार आणि बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीवर किती वर्षं वाद घातला. बाजू कुठलीही असो, माणसं कागद वाचायला शिकली, सुनावणीला गेली, हरकती नोंदवल्या. मिरकरवाड्याच्या मच्छीमारांनीही मार्च 2022 मध्ये, घाऊक डिझेलचा भाव पंपाच्या भावापेक्षा लिटरमागे सुमारे 25 रुपयांनी चढला तेव्हा, आपल्या सोसायट्यांचा प्रश्न घेऊन आवाज उठवला. आम्ही पंपवाले आणि गॅरेजवाले तेवढे मागे. आम्ही फार तर एक निवेदन देतो, त्याचा फोटो काढतो आणि दुकान उघडायला परत जातो. दिवसाचे चौदा तास धंद्यावर उभा असलेला माणूस राजपत्र वाचणार कधी?

आणि नेमकं तिथेच तुझं काम आहे. मोटार वाहन नियमांत बदल करायचा तर सरकारला आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि हरकती-सूचनांसाठी मुदत द्यावी लागते, बहुधा 30 दिवसांची. त्या 30 दिवसांत मोठ्या कंपन्यांची, त्यांच्या संघटनांची टाचणं लावलेली पत्रं जातात. गॅरेजवाल्याचं पत्र जात नाही, कारण मसुदा निघालाय हेच त्याला ठाऊक नसतं. नियम झाल्यावर, दंडाची पावती हातात आल्यावर कळतं. तेव्हा वकील शोधून फार तर दंड कमी होतो, नियम बदलत नाही.

तू रत्नागिरीत ये. कोर्टात वाटणीचे दावे जरूर चालव, त्यातून तुझं घर चालेल. पण शनिवारी दुपारी बाबांच्या गॅरेजमध्ये एक टेबल टाक. पंपवाले येतील, मेकॅनिक येतील, मी आणेन त्यांना. निघालेला मसुदा त्यांना मराठीत समजावून सांग, त्यांच्या तोंडून अडचण ऐक आणि मुदतीच्या आत हरकत पाठव. स्पर्धा आयोगाच्या निकालावरून बाबांच्या त्या इंजेक्टरचं प्रकरण उभं राहतं का तेही तपास. गाडीचे कागद, बिलं, तारखा सगळं मी फाइलला लावून ठेवलंय. फीची काळजी करू नकोस, आम्ही वर्गणी काढू, कमी पडली तर मी भरीन.

ताईला नमस्कार. बाबांना हे पत्र वाचायला दे, पण काही ठरवायच्या आधी मला फोन कर. रात्री पंप बंद केला की मी मोकळा असतो.

तुझा,
मामा